स्वाहिलीची गाडी, मराठीचे रूळ

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेले वर्षभर आम्ही सहा-सात जण दर रविवारी एकत्र बसून स्वाहिली शिकतो आहोत, हे कळल्यावर अनेकांनी विचारलं, "या वयात हे काय नवीन?" कारण साधं आहे. आमच्यापैकी दोन घरांतली मुलं दार-ए-सलामला नोकरीला आहेत. नातवंडं सुट्टीत सुरतेला येतात आणि खेळता खेळता आपसात स्वाहिलीत बोलतात. आजी-आजोबांना त्यातलं अक्षरही कळत नसेल, तर घरात असूनही आपण बाहेरचेच, नाही का?

सुरुवात सोपी वाटली. 'किताबू' म्हणजे पुस्तक, 'दुका' म्हणजे दुकान, 'हबारी' म्हणजे खबर, 'वकीली' म्हणजे वकील, 'पेसा' म्हणजे पैसा आणि 'गारी' म्हणजे चक्क आपली गाडी! अरबी-फारसी शब्द मराठीतही आले, तिकडेही गेले. शिवाय हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर आपल्याकडचे शब्दही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. सुरत बंदरात राहणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

पण शब्द म्हणजे भाषा नव्हे. खरा अभ्यास वाक्यापासून सुरू झाला.

आपण म्हणतो, "मी पुस्तक वाचतो." स्वाहिलीत म्हणतात, "निनासोमा किताबू." क्रियापद आधी, पुस्तक नंतर. 'निनासोमा' हा एकच शब्द उलगडून पाहा: 'नि' म्हणजे मी, 'ना' म्हणजे वर्तमानकाळ, 'सोमा' म्हणजे वाचणे. 'ना'च्या जागी 'लि' घातलं की भूतकाळ, 'निलिसोमा'. 'ता' घातलं की भविष्यकाळ, 'नितासोमा'. आगगाडीच्या डब्यांसारखं आहे हे. मधला डबा बदलायचा, बाकी गाडी तीच. नकार मात्र इंजिनाच्या जागी येतो. "मी वाचत नाही" म्हणजे 'सिसोमी'. आपण 'नाही' शेवटी म्हणतो, ते लोक पहिल्या अक्षरालाच नाही म्हणून टाकतात!

आणखी एक सोय म्हणजे, 'अनासोमा' याचा अर्थ 'तो वाचतो' आणि 'ती वाचते' असा दोन्ही होतो. पुल्लिंग-स्त्रीलिंगाची भानगडच नाही. पण त्याऐवजी नामांचे वर्ग आहेत. 'किताबू किझुरी' म्हणजे चांगलं पुस्तक. अनेक पुस्तकं झाली की 'विताबू विझुरी'. नामाबरोबर विशेषणही बदलतं. आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल' म्हणतोच ना? मराठी माणसाला ही कसरत जन्मापासून येते. फक्त आपण शब्दाचं शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात.

सर्वांत गंमत षष्ठीची. 'मुलाचं पुस्तक' म्हणजे 'किताबू चा म्तोतो', आणि 'मुलाची पुस्तकं' म्हणजे 'विताबू व्या म्तोतो'. आपला 'चा-ची-चे' जसा मालकाकडे न पाहता मालकीच्या वस्तूकडे पाहून बदलतो, तसाच त्यांचाही. 'चा' हा आवाज जुळला तो निव्वळ योगायोग, पण नियम सारखा. 'घरी' हा आपला एक शब्द, तसा त्यांचा 'न्युम्बानी'. 'बाजारात', तसं 'सोकोनी'. आणि मोठ्या माणसाला भेटल्यावर लहानांनी म्हणायचं 'शिकामो', म्हणजे मुळात 'पाय धरतो'. मोठ्यांनी उत्तर द्यायचं 'मराहाबा'. वाकून नमस्कार करणाऱ्या घरात हा शब्द परका कसा वाटेल?

आता मुद्द्यावर येतो. 'गारी' आपल्याकडची, पण तिचं अनेकवचन स्वाहिलीने 'मागारी' केलं. 'दुका'चं 'मादुका' केलं. 'किताबू' तर अरबी. पण त्यातला 'कि' आपलाच समजून त्यांनी 'विताबू' करून टाकलं. शब्द कुठूनही येवो, त्याला चालायला रूळ मात्र स्वाहिलीचे.

सुरतेतल्या मराठीबद्दल आपण नेहमी हळहळतो. पोरं 'भाजी'ला 'शाक' म्हणतात, 'पुस्तका'ला 'चोपडी' म्हणतात. आम्हाला आता वाटतं, चोपडीची भीती नको. नातू "माझ्या चोपड्या कुठे आहेत?" असं म्हणतो, तोवर मराठी जिवंत आहे. शब्द गुजराती असला तरी रूळ मराठीचेच. तो 'चोपडीओ' म्हणू लागला, 'माझ्या'च्या जागी 'मारी' आलं, की समजावं, रूळ उखडले.

म्हणून नातवंडांच्या शब्दांना हटकण्यापेक्षा त्यांच्याशी पूर्ण वाक्यं बोलू या. त्यांना पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावू या. जेवताना, रिक्षात, आरतीनंतर प्रसाद वाटताना. वर्गणी लागत नाही, वर्ग लागत नाही, फक्त वेळ लागतो.

आणि कुणाला रविवारी आमच्यात यायचं असेल, तर 'करिबू', म्हणजे या, स्वागत आहे!

गणपती बाप्पा मोरया!