सर्व्हरने लिहिलेली ओळ
(भोपाळ येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'सर्व्हरवरून मेल का जात नाही?' डीएनएस म्हणजे काय, एमएक्स नोंद कुठे असते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी हट्टाने मांडणार आहे. मेल अडकला की कशालाही हात लावण्याआधी, सर्व्हरने लॉगमध्ये लिहिलेली ओळ पूर्ण वाचा.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचे नियम मांडले. त्या नियमांनुसार दोन सर्व्हर आजही एकमेकांशी साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात बोलतात. आपण काही म्हटलं की समोरून तीन आकडी उत्तर येतं. पत्र देऊन झाल्यावर उत्तर २ ने सुरू झालं, तर ते घेतलं. ४ असेल तर आत्ता जमत नाही, नंतर या. ५ असेल तर घेणार नाही. आकड्यापुढे बहुतेक वेळा कारणही दिलेलं असतं. असं लेखी कारण हातात असताना आपल्याकडे पहिला उपाय कोणता होतो? सर्व्हर बंद करून पुन्हा चालू! (हशा) हसताय, पण उद्या सकाळी तुमच्यापैकी चारजण हेच करणार आहेत. (मोठा हशा)

गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याचं सांगतो. कोटेशनं ग्राहकांना पोचेनात. आधी सर्व्हर चालू-बंद झाला, मग अँटीव्हायरस बदलला, मग इंटरनेटवाल्याशी भांडण झालं. लॉगमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून तीच ओळ होती: ५५४ ५.७.१, तुमचा सर्व्हर काळ्या यादीत आहे. यादीचं नावसुद्धा दिलं होतं. मग 'मेलक्यू' हा हुकूम देऊन रांग पाहिली. हजारो पत्रं तुंबलेली, बहुतेक सगळी लेखा विभागाच्या एकाच पत्त्यावरून निघालेली, आणि वेळा मध्यरात्रीनंतरच्या. त्या खात्याचा पासवर्ड कुणीतरी चोरला होता. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ते खातं बंद करायचं, पासवर्ड बदलायचा, रांगेतली तेवढीच पत्रं काढून टाकायची, आणि मग यादीतून नाव वगळण्याची विनंती करायची. ती विनंती आधी केलीत तर नाव निघतं आणि लगेच पुन्हा चढतं. आणि रांग नुसती पुढे ढकलायचा हुकूम दिलात, तर तोच कचरा तुम्ही पुन्हा जगभर पाठवता.

४ ने सुरू होणारी उत्तरं मला जास्त घातक वाटतात. सर्व्हर पत्र ठेवून घेतो आणि थांबून थांबून प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मूळ मांडणीत ५ दिवसांची असते, आणि दरम्यान पाठवणाऱ्याला काही कळवायचं हे बंदच ठेवलेलं असतं. निविदा सोमवारी पाठवली, मुदत बुधवारी संपली आणि पत्र परत आलं शनिवारी, असा प्रकार होतो. 'डिले वॉर्निंग टाइम' नावाची एक ओळ असते, तिथे चार तास लिहा. एवढ्यानं माणसाला फोन उचलायला वेळ मिळतो.

सर्व्हरसारखंच माणसाचं बोलणंही शब्दशः ऐकावं. अमेरिकेत ट्रे हॅरिस नावाचे एक व्यवस्थापक होते. १९९० च्या दशकातली ही हकीकत त्यांनी २००२ साली लिहिली. नॉर्थ कॅरोलायनामधल्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा त्यांना फोन आला, की आमचा मेल ५०० मैलांपलीकडे जात नाही. आता अशा माणसाला आपण काय म्हणू? (हशा) पण संख्याशास्त्राचे लोक ते! त्यांनी काही दिवस माहिती गोळा करून मगच फोन केला होता. हॅरिस यांनी स्वतः करून पाहिलं. न्यूयॉर्क ४२० मैलांवर, मेल गेला. प्रॉव्हिडन्स ५८० मैलांवर, नाही गेला. मग त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातच राहणाऱ्या एका मित्राला पाठवला. तोही गेला नाही, कारण त्या मित्राचा सर्व्हर होता सिएटलला!

झालं होतं असं की कुणीतरी सर्व्हरची प्रणाली अद्ययावत करताना सेंडमेलची जुनी आवृत्ती बसवली होती. तिला नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली मांडणी समजेना. त्यामुळे जोडणीसाठी थांबायची मुदत शून्यावर आली. त्या यंत्रावर शून्य म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश जातो सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे ५५८ मैल. तो सर्व्हर आपल्या भोपाळात असता, तर दिल्ली, मुंबई, हैदराबादला मेल गेला असता, आणि कोलकाता, चेन्नई, बेंगळुरूला नाही.

(पहिल्या रांगेतून एक श्रोते: जाणं-येणं दोन्ही धरलं तर अंतर निम्मं होईल ना?) होईल. आपण भेलमध्ये होतात वाटतं! (हशा, टाळ्या) शंका रास्त आहे. गोष्ट रंगावी म्हणून काही तपशील बदलले, काही गाळले, असं हॅरिस यांनीच लिहून ठेवलंय. पण माझा मुद्दा त्या आकड्याचा नाहीच. विभागप्रमुखांचं वाक्य हसण्यावारी नेलं असतं, तर दोष कितीतरी उशिरा सापडला असता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं. मग बाकीचं भरभर सांगतो. लॉगमध्ये सगळीकडेच 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसत असेल, तर बहुधा २५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेट कंपनीने अडवलंय. मग ५८७ वरून, लॉगिन करून, त्यांच्या किंवा दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवा. मेल जातो पण स्पॅममध्ये पडतो, तेव्हा एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी तपासा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. आयपीवरून उलटं नाव सापडतं का, तेही बघा. सर्व्हर बदलला की ही नोंद हमखास राहून जाते.

आणि एक. नियमांनुसार मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनला 'पोस्टमास्टर' हा पत्ता चालू ठेवावाच लागतो. तुमच्याकडून कचरा येतोय हे कुणाला कळवायचं असेल, तर तो या पत्त्यावर लिहू शकतो. गोविंदपुऱ्यातल्या त्या कारखान्यात ही पेटी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर होती, आणि तिच्यात तीन तक्रारी न उघडता पडल्या होत्या. तुमच्या कार्यालयात ती कोण उघडतं, हे उद्या विचारून घ्या.