रात्रीची साखर आणि दंडावरचा सेन्सर



दवाखान्यात हल्ली सकाळी सकाळी मोबाइल पुढे केला जातो. "डॉक्टर, रात्री अडीचला शुगर अठ्ठेचाळीस! मला तर काहीच कळलं नाही." शेजारी बसलेल्या बायकोच्या डोळ्यांत रात्रभराचं जागरण दिसतं. आज बोलायचं आहे ते या अठ्ठेचाळीसबद्दल.

मोबाइलवर हा आकडा पाठवणारा दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्याचा बारीक तंतू कातडीखाली, पेशींमधल्या द्रवात असतो. पाटाचं पाणी वाफ्याच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, तशी रक्तातली साखरही तिथे थोडी उशिरा पोचते. साधारण ५ ते १५ मिनिटांनी. साखर झपाट्याने खाली-वर होत असेल तेव्हा सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. सेन्सर नवा लावल्यावर पहिल्या दिवशी तर तफावत जास्तच असते.

आता अडीचची गोष्ट. माणूस कुशीवर वळतो आणि सेन्सरचा दंड अंगाखाली येतो. दाबामुळे तेवढ्या जागेतली रक्ताची आणि द्रवाची ये-जा मंदावते, सेन्सरपाशी साखर कमी पोचते. शरीरात ती व्यवस्थित असते. आलेख नीट पाहिला तर हे बरेचदा ओळखता येतं. दोन वाजता १०८, सव्वादोनला ६१, अडीचला ४८, आणि माणसाने कूस बदलली की तीनला पुन्हा १०२. काही न खाता! रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली येते आणि तशीच ताठ वर चढते. खरी साखर उतरते तेव्हा रेषा बहुतेक वेळा तासा-दोन तासांत घरंगळत येते. बाराला १३०, एकला १००, दोनला ७४, मग ६० च्या आसपास रेंगाळते.

म्हणून रुग्णाच्या इन्सुलिनला हात लावण्याआधी डॉक्टरांनी विचारावं, "सेन्सर कुठल्या दंडावर आहे, आणि तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?" काही सेन्सरचे आकडे रुग्णाला दिसतच नाहीत, चौदा दिवसांनी थेट डॉक्टरांपुढे अहवाल येतो. तिथे हा प्रश्न राहून गेला, तर अहवालात दाबामुळे उमटलेल्या, कमी साखर दाखवणाऱ्या लाल पट्ट्यांवरून डोस कमी होतो आणि साखर महिनोन्‌महिने चढी राहते.

पण "मला काहीच कळलं नाही, म्हणजे आकडा खोटा" हा निष्कर्ष मला फार धोक्याचा वाटतो. साखर उतरली की जागेपणी छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो. झोपेत शरीराची हीच प्रतिक्रिया मंदावते, माणूस जागा होईलच असं नाही. मधुमेह जुना असेल तर या खुणा दिवसाही बोथट होतात. सकाळी डोकं जड, उशी ओली, रात्री भलतीसलती स्वप्नं, असं असेल तर तो आकडा खरा असण्याचीच शक्यता मोठी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना रात्री साखर उतरण्याचा धोका खरा आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर तो क्वचितच. आपल्याकडे संकष्टीचं उदाहरण घ्या. सकाळची गोळी नेहमीसारखी, दिवसभर दोन केळी आणि चहा, चंद्रोदय साडेनऊला, मग थकव्याने दोनच घास. एकादशीला तर रात्रीही उपासच. उपास जरूर करा. पण गोळीचं काय करायचं ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं किंवा मद्य घेतलं, तरी साखर मध्यरात्रीनंतर उतरू शकते.

रात्री सेन्सरचा गजर वाजला तर आधी कूस बदला, दिवा लावा, हात धुऊन पुसा आणि बोट टोचून पाहा. हात धुण्याचं मुद्दाम सांगतो. बोटाला आंब्याचा रस किंवा साखर लागलेली असेल तर ग्लुकोमीटर खोटा मोठा आकडा दाखवतो आणि खरी उतरलेली साखर झाकली जाते. आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ५४ च्या खाली असेल तर ते गंभीर समजा. लक्षणं असतील आणि ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर खात्री करत बसू नका, आधी साखर घ्या. गोळ्यांमुळे उतरलेली साखर, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर, काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून नंतर पोळी-दूध असं काहीतरी खाऊन घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरच्यांसाठी एक. हाक मारूनही माणूस शुद्धीवर येत नसेल तर तोंडात साखरपाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.