सोडियम फ्लोराईड : गुण, उपयोग आणि मात्रा
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



आज आम्ही एका साध्या क्षाराविषयी बोलणार आहोत. सोडियम फ्लोराईड हा पांढरा, गंधहीन, पाण्यात विरघळणारा स्फटिकरूप पदार्थ आहे. त्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के फ्लोराईड असते.

रुग्णालयात त्याची आमची रोज गाठ पडते. साखरेच्या तपासणीसाठी करड्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात, तीत हाच क्षार असतो. रक्तपेशी साखर वापरत राहतात. हा क्षार त्यांच्यातील एनोलेज हे विकर रोखतो. मात्र हा परिणाम पूर्ण होण्यास वेळ लागतो. म्हणून नमुना प्रयोगशाळेत लवकर पोहोचवणे अगत्याचे आहे. दंतविभागात ५ टक्के सोडियम फ्लोराईडचे व्हार्निश बालकांच्या दातांवर लावल्यास किडीस आळा बसतो.

अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली पिण्याच्या पाण्यात हा क्षार अल्प प्रमाणात मिसळण्यास प्रारंभ केला आणि तेथील मुलांमधील दंतक्षय पुढे लक्षणीय घटला. आपल्याकडील चित्र वेगळे आहे. मद्रास इलाख्यात भूजलातील अतिरिक्त फ्लोराईडमुळे हाडे ताठरल्याची नोंद १९३७ सालीच झाली होती. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराईड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.

घरातही सावधगिरी हवी. फ्लोराईडचे प्रमाण दशलक्षांश १००० असलेल्या १०० ग्रॅम टूथपेस्टमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराईड असते. शरीराच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेल्यास तातडीचे उपचार आवश्यक मानतात; म्हणजे १० किलोच्या बालकास अर्धी ट्यूबही धोक्याची. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. चुकून अधिक गिळली गेल्यास दूध पाजून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

म्हणून आमची सहकाऱ्यांना विनंती आहे : दातांवर डाग किंवा सांध्यांत ताठरपणा घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास ‘पाणी कोठले पिता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. एका ठिकाणी औषध ठरणारा हा क्षार दुसऱ्या ठिकाणी रोगाचे कारण होतो. हा भेद केवळ मात्रेचा आहे आणि तो ओळखणे हे आपले कर्तव्य आहे.