वरचं दार



या अधिवेशनाच्या संयोजकांनी मला निमंत्रणाच्या पत्रातच विषय कळवला होता. व्यावसायिक लीगमुळे भारतीय फुटबॉलचं भलं झालं की वाटोळं, यावर बोला, असं त्यांचं म्हणणं. हा प्रश्न कोल्हापुरात विचारायला थोडं धाडस लागतं. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियम भरतं, त्यासाठी कुठल्या सिनेनटाला बोलवावं लागत नाही. तालमींच्या संघांनी बाहेरगावचे खेळाडू आणले, त्यांना पैसे दिले, बक्षिसाच्या रकमांवरून वाद घातले. फुटबॉलमध्ये पैसा येणं म्हणजे पाप, असं समजणारा माणूस या सभागृहात शोधून सापडायचा नाही. तेव्हा पैसा चांगला की वाईट हा वाद आपण बाजूला ठेवू आणि पैसा आला तेव्हा त्याने काय उभं केलं आणि काय उभं करायचं टाळलं, तेवढंच बघू.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्याच सामन्यात आपल्या मुंबई सिटीला ०-३ असा मार बसला. त्याच आठवड्यात मुंबईने नवी मुंबईत पुणे सिटीला ५-० असं धुतलं आणि वर्तमानपत्रांनी लगेच त्याला 'महाराष्ट्र डर्बी' म्हणून टाकलं. देल पिएरो, अनेल्का, पिरेस, त्रेझेगे ही मावळतीला आलेली मोठी नावं आली. सचिन, सौरव, हृतिक, रणबीर, अभिषेक हे मालकांच्या खुर्च्यांत बसले. आठ संघांचा सगळा हंगाम सव्वादोन महिन्यांत आटोपला. त्या वेळी या सगळ्याला 'तमाशा' म्हणणारे पुष्कळ होते. मी त्यांच्यात नव्हतो, आजही नाही. ज्या देशात राष्ट्रीय लीगचा सामना रिकाम्या गॅलरीत, भर दुपारच्या उन्हात खेळला जायचा, तिथे प्रकाशझोतातलं हिरवंगार मैदान घराघरांत दिसलं, ही काही किरकोळ गोष्ट नाही.

भल्याची बाजू मी हातचं राखून सांगणार नाही. बऱ्याच भारतीय खेळाडूंना बँकेतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीवाचून फुटबॉलवर घर चालवता येईल असं उत्पन्न मिळालं. आहारतज्ज्ञ, फिजिओ, सामन्याचं चित्रीकरण पाहून चुका दाखवणारा विश्लेषक, हे शब्द आपल्या मुलांच्या कानावर आले. २०१४ मध्ये मैदानात सहा परदेशी आणि पाच भारतीय असा नियम होता. २०१७-१८ मध्ये भारतीय सहा झाले, २०२१-२२ पासून सात. एफसी गोवा २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. पुढच्याच वर्षी मुंबई सिटीने त्या स्पर्धेत इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं आणि त्यातला विजयी गोल आपल्या राहुल भेकेचा होता. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे लीगमधल्या संघांतून खेळत राहिला. लीग नसती तर त्याच्यासमोर कोणते पर्याय होते, ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. त्यासाठी मी तुम्हाला एका माणसाचं नाव आठवायला सांगतो. झिको. ब्राझीलचा हा महान खेळाडू २०१४ मध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक होऊन मडगावला आला, तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं ते त्याच्या जुन्या गोलांचं. मला त्याच्या आयुष्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटला. १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली तेव्हा काशिमा या छोट्या औद्योगिक गावाच्या संघातून झिको मैदानात उतरला होता. तिथेही वय झालेले परदेशी तारे होते, जाहिराती होत्या, झगमगाट होता. मग फरक कुठे पडला?

काशिमाचा संघ आकाशातून पडलेला नव्हता. तो सुमितोमो मेटल या कंपनीचा कामगार-संघ होता. मित्सुबिशीच्या संघातून उरावा रेड्स झाला, निस्सानच्या संघातून योकोहामा मारिनोस. कंपनीने आपला संघ गावाच्या नावावर केला, वयोगटांचे संघ बांधले, जुन्या खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना बरोबर घेतलं. सुरुवातीला दहा संघ होते. १९९९ मध्ये दुसरी श्रेणी आली आणि वर चढण्या-उतरण्याची सोय झाली. त्याच्या आदल्या वर्षी जपान पहिल्यांदा विश्वचषकात खेळला होता. सगळं श्रेय लीगचं नाही. शाळा आणि विद्यापीठांतला जपानी फुटबॉल आधीपासूनच भक्कम होता. पण लीग त्या भक्कम जमिनीवर उभी राहिली.

आपल्याकडे काय घडलं? २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पंजाबचा जेसीटी, २०११ मध्ये. सुपर लीग तेव्हा जन्मालाही आली नव्हती, म्हणून हे पाप तिच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ९ डिसेंबर २०१० रोजी फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा मोडत चाललेल्या या घरांचं काय करायचं, असा विचार त्यात कुठे दिसत नाही. जुने क्लब होते तिथेच राहिले आणि त्यांच्या शेजारी नवे संघ उभे केले गेले. पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्रीय लीगमध्ये, होता. त्याच शहरात पुणे सिटी आला. मुंबई एफसी होता. मुंबई सिटी आला. काही वर्षांतच पुणे एफसी गेला, पुण्याचाच भारत एफसी एका हंगामात गेला, २०१७ मध्ये मुंबई एफसी आणि पुण्याचा शिवाजियन्सही गेले.

आणि नवा पुणे सिटी? तो २०१९ मध्ये हैदराबादला गेला. तिथे २०२१-२२ मध्ये करंडक जिंकला. २०२५ मध्ये तोच हैदराबादहून दिल्लीला गेला. दिल्लीचा मूळ संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला रवाना झालेला होता. कागदावर हे सगळं नियमात बसतं. बालेवाडीच्या गॅलरीत नारिंगी कपडे घालून बसणाऱ्या पोराने मात्र आता कोणासाठी ओरडायचं? मुंबई सिटीला तेव्हा मनसोक्त शिव्या देऊन झालेल्या होत्या, म्हणजे तीही सोय राहिली नाही.

गोव्याची कथा याहून बोचरी आहे. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सने दोन-दोन वेळा. एवढ्याशा राज्याचा हा हिशेब. एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही घराणी होतीच. तरी २०१६ मध्ये महासंघाने भविष्याची आखणी मांडली आणि आपल्या क्लबांची जागा कायमची खालच्या पायरीवर आहे हे दिसलं, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे परतला. मधली वर्षं कोण परत देणार?

याच भांडणाचा एक विलक्षण परिणाम झाला. गोव्याचे क्लब निघून गेल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि आदल्या हंगामात घसरून बाहेर गेलेल्या आयझॉल एफसीला परत घेण्यात आलं. मुंबई एफसीचं काम सुटलेला खालिद जमील त्यांचा प्रशिक्षक झाला. मिझोरामच्या डोंगरातल्या, तुटपुंज्या पैशांवर चालणाऱ्या त्या क्लबने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! मोहन बागान दुसरा आला. दुसऱ्या कुठल्याही देशात यावर पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी रंगल्या असत्या. आपण आयझॉलला सांगितलं की अभिनंदन, पण वर तुम्हाला जागा नाही. वरच्या लीगमध्ये तेव्हा जागा खेळून मिळत नव्हती, विकत मिळत होती. पुढे गोकुलम केरळाने सलग दोनदा विजेतेपद मिळवलं, त्यांनाही तेच उत्तर. खेळून वर जाणारा पहिला संघ पंजाबचा, तो २०२३ मध्ये गेला. म्हणजे लीग सुरू झाल्यावर जवळजवळ नऊ वर्षांनी. आणि खाली येणारं दार तर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत एकदाही उघडलेलं नव्हतं. हंगामामागून हंगाम तळाला राहिलात, तरी पुढच्या वर्षी तुम्ही होतातच.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. लीग व्यावसायिक आहे म्हणून घात झाला नाही. ती बंद दाराआड ठेवली म्हणून झाला. घसरणीची भीती नसलेला क्लब तरुण पोरांना खेळवेल, असं आपल्याला सांगितलं गेलं होतं. तसं घडलं का? गोल करण्याची जागा बघा. जवळजवळ प्रत्येक संघाने सेंटर फॉरवर्ड परदेशातून आणला. भारतीय मुलगा कडेने पळणार, क्रॉस देणार, बचाव करणार. शेवटचा स्पर्श दुसऱ्याचा. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत त्याला चाळिशी ओलांडल्यावर परत बोलवावं लागलं. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात आपण तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा रायन विल्यम्स भारतीय पासपोर्ट घेऊन आपल्याकडून खेळायला तयार झाला. त्याचे आजोबा एकेकाळी संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले होते. त्याचं स्वागत आहे. पण पुढचा आघाडीवीर पर्थमध्ये शोधावा लागेल अशी वेळ मुंबईने स्वतःवर कशी आणली, हे तिथल्या कूपरेज मैदानावर जाऊन विचारायला हवं.

राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीचा दाखला मी सहसा देत नाही, कारण ती वर-खाली होते आणि आपल्याला हवं ते तिच्यातून सिद्ध करता येतं. लीग आल्यानंतर काही महिन्यांतच आपण १७३ वर होतो, २०१७ मध्ये शंभरच्या आत आलो, २०२३ मध्ये पुन्हा आलो, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ वर घसरलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद झाला. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून हार. या दोन्ही वेळी राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कोण होता? तोच खालिद जमील. त्याच्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण त्याच्या हाती आलेल्या खेळाडूंची लीग त्या वेळी सुरूच झालेली नव्हती.

कारण जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी हंगाम थांबवला. पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता, नव्याचा पत्ता नव्हता आणि महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. घटना सप्टेंबरात मार्गी लागली. व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. एकही नाही! अखेर फेब्रुवारीत एकेरी साखळीचा आखूड हंगाम सुरू झाला. बड्या क्लबांनी मधल्या काळात खेळाडूंचे पगार रोखले, सराव बंद ठेवले. मुंबई सिटीतला मँचेस्टर सिटीवाल्यांचा समूह आपला हिस्सा सोडून गेला. अख्ख्या देशाचा फुटबॉल एका कराराला टांगला, की तो करार संपण्याच्या तारखेला काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्या महिन्यांत इथे काय चाललं होतं? शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने ठरल्याप्रमाणे होत होते. यावरून कोल्हापूरने फार शेफारून जावं असं नाही. इथली ईर्ष्या अनेकदा गॅलरीतून मैदानात उतरते, सामना थांबतो, पोलीस येतात. तालमी भांडायला आणि वर्गणीला पुढे असतात, पण बारा वर्षांच्या मुलांचा संघ वर्षभर चालवायला किती तालमी तयार असतात, हे मी तुमच्या तोंडावर विचारतो. संघ हलवून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, ही मात्र तालमीची ताकद आहे, आणि ती कोणत्याही फ्रँचायझीला विकत घेता आलेली नाही.

तेव्हा लीगचा नवा आराखडा होईल त्यात या राज्याने काय मागावं? तारे मागू नयेत. बढती आणि घसरण दोन्ही पहिल्या दिवसापासून असाव्यात आणि वर येणाऱ्या क्लबला वरच्या उत्पन्नातला वाटा मिळावा. तो नाही मिळाला तर दार नुसतं नावाला उघडं. राज्याची लीग जिंकणाऱ्या क्लबला देशाच्या खालच्या श्रेणीत जाण्याचा ठरलेला, दरवर्षीचा मार्ग असावा. परदेशी खेळाडू असावेत, त्यांच्याकडून शिकता येतं. पण सेंटर फॉरवर्डच्या जागी भारतीय मुलाला ठरावीक मिनिटं मिळतील असा नियम निदान वयोगटांच्या आणि राखीव संघांच्या स्पर्धांत आपण आपल्या अधिकारात करू शकतो. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आणि एक मागणी आपल्याच माणसांकडे. तेरा वर्षांखालच्या मुलाला आपल्या जिल्ह्यात वर्षाला स्पर्धात्मक सामने किती मिळतात? बाद पद्धतीच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरलेल्या शाळेचा मुलगा वर्षातून एक सामना खेळतो, आणि त्या एका सामन्यावर आपण त्याच्यात गुण नाहीत असं ठरवून मोकळे होतो. प्रत्येक जिल्ह्याने हा आकडा काढून पुढच्या अधिवेशनाआधी जाहीर करावा आणि तालुका पातळीवर साखळी सामने सुरू करावेत, असा ठराव मी दुपारच्या सत्रात या अधिवेशनाचा अध्यक्ष या नात्याने मांडणार आहे. पंचांच्या मानधनाची उपसूचना सांगलीच्या प्रतिनिधींनी दिली आहे, तीही त्यातच घेऊ. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी जेवणाआधी सचिवांकडे नाव द्यावं. वेळ प्रत्येकी पाच मिनिटं.