प्रश्न विचारावा कोणी?



ज्या वणीचे नाव एके काळी सबंध जिल्ह्याला होते, म्हणजे १९०५ पर्यंत सरकारी दफ्तरात हा जिल्हा ‘वूण’ याच नावाने नोंदला जात असे, आणि जेथे १८८० साली लोकनायक बापूजी अण्यांचा जन्म झाला, त्या गावी अध्यक्षपदावरून बोलताना विषयही तसाच भारदस्त असावा अशी आपली अपेक्षा असल्यास तिचा मी आरंभीच भंग करतो. मी आज बोलणार आहे तो रविवारच्या शाळेत मुलांच्या वर्गात खेळावयाच्या प्रश्नांच्या खेळांविषयी: दोन तट, एक सतरंजी, मूठभर चिंचोके, आणि ‘सांगा पाहू’ म्हणून विचारलेला प्रश्न. धर्मशिक्षणासारख्या गंभीर कार्यात हा पोरखेळ कशाला, असे म्हणणारे काही वडीलधारे याही सभेत असतील. त्यांचा आक्षेप मी अगदीच फेटाळीत नाही, परंतु तो चुकीच्या ठिकाणी लागतो आहे एवढेच दाखविण्याचा माझा प्रयत्न राहील.

प्रश्नोत्तराची पद्धती रविवारच्या शाळेहून फार जुनी आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्सने १७८० साली कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्या मुलांसाठी सातव्या दिवशीचा वर्ग उघडला, त्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे आपल्या भाषेत असा वर्ग नोंदला गेला आहे. फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली साष्टी प्रांतात छापले गेले, आणि त्याच्या आरंभीच रविवारी देवळात दौत्रिनेसाठी, म्हणजे धर्मपाठासाठी, जमलेल्या मुलांचे चित्र आहे. पाद्रीगुरूंच्या देखरेखीखाली नेमाचा पाठ चाललेला असता एक ब्राह्मण पुढे येऊन म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? ही विचारणा दौत्रिनेच्या पोथीत नव्हती. पाद्रीगुरूंनी ती ‘नियमबाह्य’ म्हणून निकालात काढली असती तर मराठी एका ग्रंथास मुकली असती. ते सगळे पुराण म्हणजे त्या एका आगंतुक प्रश्नाचे सावकाश दिलेले उत्तर होय.

पुढे आपण मात्र पाठ सांभाळला आणि आगंतुकाला दाराबाहेर ठेवले. १८४५ साली मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. ज्या स्कॉटिश परंपरेतून ते आले तिच्या लहान प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर शब्दशः ठरलेले. स्मरणाला ती शिस्त चांगली होती, ती पाठ असलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत आणि संकटकाळी ती वाक्ये त्यांच्या ओठांवर आपोआप येताना ऐकलीही आहेत. पण जेथे प्रश्नही छापील आणि उत्तरही छापील, तेथे मुलाच्या वाट्याला उरतो तो केवळ आवाज. आमच्या वर्गातील एक मुलगी तर कोणत्याही प्रश्नाला डोळे मिटून ‘येशू’ असे उत्तर देई, आणि निम्म्याहून अधिक वेळा तिचे बरोबर येई!

आता खेळाकडे येतो. ‘तलवार’ हा खेळ आपणांपैकी बहुतेकांस परिचित आहे: पवित्र शास्त्र काखेत, म्हणजे तलवार म्यानात, हुकूम होताच ते हातात उंच धरावयाचे, मग ग्रंथ, अध्याय आणि ओवी पुकारली जाते आणि जो प्रथम शोधील त्याने उभे राहून वाचावयाचे. सहासष्ट पुस्तकांचा क्रम अंगवळणी पाडण्यास याहून सुलभ साधन मला ठाऊक नाही. हबक्कूक कोठे आहे हे मुलांस अनुक्रमणिकेने नव्हे, बोटांनी कळते. दुसरा, फसव्या प्रश्नांचा. मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले, असे विचारताच सारा वर्ग ‘दोन, दोन’ म्हणून ओरडतो, आणि तारू नोहाचे होते हे एखाद्या कोपऱ्यातल्या पोराच्या ध्यानी येते तेव्हा जो हशा पिकतो त्यात ती कथा कायमची रुजते. आपल्या आयाबायांनी उखाण्यांतून आणि कोड्यांतून हेच केले आहे.

बक्षिसांविषयी मात्र एक इशारा. शास्त्यांच्या पुस्तकात शमशोनाने मेजवानीत कोडे घातले आणि तीस वस्त्रांची पैज लावली. त्या पैजेपायी बायकोला धमक्या आल्या, घर मोडले आणि अष्कलोनात तीस माणसे मेली. पेन्सिल आणि खोडरबर यांनी एवढा अनर्थ होत नाही हे मान्य, तथापि माझ्या हातून जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कित्येक वर्षे मी आकड्यांचेच प्रश्न विचारीत असे. मथुशलह किती वर्षे जगला, स्तोत्रे किती, टोपल्या किती उरल्या. बरोबर उत्तरास एक चिंचोका, चुकल्यास एक परत. त्याच दोन मुलांपुढे ढीग साचे. कापसाच्या वेचणीत आईबरोबर शेतावर जाणारा, म्हणून दिवाळीनंतरचे कित्येक रविवार हजेरीपटावर गैरहजर राहणारा एक मुलगा होता. तो ज्या तटात बसे त्या तटाचे चिंचोके कमी होत आणि त्याच्याच तटातली मुले त्याच्याकडे वळून पाहत. पुढे तो हंगाम संपल्यावरही येईनासा झाला. मी खेळ म्हणून जे चालविले होते ती त्याच्या लेखी उलटतपासणी होती, आणि साक्षीदार पुन्हा कोर्टाची पायरी चढत नसतो.

त्याच्या घरी जाऊन त्यास परत आणले ते एका नव्या कायद्याने. प्रश्न मी विचारावयाचे नाहीत. गोष्ट मी सांगावयाची, आणि प्रश्न मुलांनी चिठ्ठीवर लिहून मला घालावयाचे. मला उत्तर न आल्यास चिंचोका विचारणाऱ्याचा. या फेरबदलाने वर्गाची शिस्त पहिले दोन रविवार पार बिघडली हे मी कबूल करतो, कारण गुरुजी हरतात हे पाहण्याची चटक मुलांना लवकर लागते. परंतु प्रश्न रचावयाचा तर गोष्ट दोनदा ऐकावी लागते, हे त्यांचे त्यांनाच उमगले. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता तो त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न करीत, असे लूक लिहितो. आपण त्या चित्राखाली मुलांना बसवितो आणि तोंडावर बोट ठेवावयास सांगतो.

चिठ्ठीची भाषा मी शुद्ध करीत नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांस समजावे म्हणून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली आणि ते १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. मग वऱ्हाडी तोंडातून निघालेला प्रश्न आपण पुणेरी करून मगच ऐकणार काय? प्रश्न दुसऱ्यावर सोपविण्याचे उदाहरणही जवळचेच आहे. याच जिल्ह्यात काम केलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड यांची नागपूर-राजनांदगाव गाडीत नारायण वामन टिळकांशी गाठ पडली, तेव्हा त्यांनी टिळकांच्या हाती पुस्तक ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून टाकले. भाकिताचे राहू द्या; पुस्तक वाचून प्रश्न करण्याचे काम त्यांनी टिळकांवरच सोपविले, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्या परत आलेल्या मुलाची एक चिठ्ठी सांगतो. गोष्ट जक्कयाची होती: बुटका जकातदार, उंबराचे झाड, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे वचन. आकड्यांच्या जुन्या खेळात माझा प्रश्न ‘किती पट?’ एवढाच झाला असता. वहीच्या फाटक्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते: ‘कोनाचं किती घेतलं थे त्याले कसं मालूम? लिहून ठेवलं व्हतं काय?’ अडत्याच्या काट्यावर बापाचा कापूस मोजला जाताना शेजारी उभा राहिलेला हा मुलगा होता. मी बराच वेळ उभा होतो; मग खिशातला चिंचोका काढून त्याच्या हातावर ठेवला. ती चिठ्ठी माझ्या पवित्र शास्त्रात लूकच्या एकोणिसाव्या अध्यायापाशी अजून आहे. दुपारच्या सत्रात आपणांपैकी कोणास उत्तर सुचल्यास मला सांगावे, आणि न सुचल्यास एक चिंचोका द्यावा लागेल.