राष्ट्रपतींची निवड आणि आपले मत



राष्ट्रपतींची निवडणूक आली की आपल्यांतील पुष्कळजण म्हणतात, "आम्हांला तेथे कोण विचारतो?" हा गैरसमज आज तुम्ही मनातून काढून टाकावा.

संविधानाच्या ५४ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात. नामनियुक्त सदस्यांना तो अधिकार नाही. म्हणजे देगलूरचा किंवा उदगीरचा आमदार निवडताना तुम्ही राष्ट्रपतींचा एक मतदारच निवडीत असता. १९७१ च्या लोकसंख्येस आमदारांच्या संख्येने व पुढे एक हजाराने भागून आमदाराच्या मताचे मूल्य ठरते. २०२२ साली महाराष्ट्राच्या आमदारासाठी ते १७५ होते, खासदारासाठी ७००.

परंतु कारभार चालतो तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि मंत्रिमंडळ जबाबदार असते लोकसभेला. लोकसभेचा सदस्य तर तुम्ही थेट निवडता.

आता लातूरकडे पाहा. ही लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव असते ती उमेदवारी. मतदान सर्व जातिधर्मांचे लोक करतात. या उमेदवारीसाठी आपल्या समाजाला मोठी किंमत मोजावी लागली आहे. १९६२ साली नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवडणूक, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता म्हणून, सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अस्पृश्यतेचे चटके तेच राहिले, हक्क मात्र गेला! १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे बौद्धांसाठी हे दार उघडले.

म्हणून तुम्हांला कोणी सांगेल की, "बौद्ध झालात, आता राखीव जागा विसरा," तर त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. मात्र कायदा कुटुंबाची मूळ अनुसूचित जात पाहतो. वडील-आजोबांचे शाळेचे दाखले व जातीची कागदपत्रे जपून ठेवा. मताच्या हक्काचा तर धर्मांतराशी संबंधच नाही; ३२५ वे कलम धर्म किंवा जात यांवरून कोणासही मतदारयादीबाहेर ठेवू देत नाही.

एका मताने काय होते, असे म्हणू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल अवघ्या १,४५७ मतांनी लागला. एवढी मते तर दोन-चार वस्त्यांत सापडतात.

तेव्हा निवडणुकीची वाट न पाहता यादी तपासा. घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव नमुना ६ भरून नोंदवा; नव्याने आलेल्या सुनेचे नाव आधीच दुसरीकडच्या यादीत असेल, तर ते नमुना ८ भरून येथे आणा. भरलेल्या अर्जाची पोच घ्या. नाव कोणी विनाकारण वगळले, तर लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही. आणि मतदानाच्या दिवशी घरातील वृद्ध माउलीलाही केंद्रावर घेऊन जा. राष्ट्रपतिभवनाची वाट तेथूनच सुरू होते.

जयभीम!