बीज, भूमी आणि जनुकांची भाषा
(प्रोस्टेटच्या कर्करोगाचा प्रसार आणि त्यामागील संशोधन या विषयावरील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ज्या अवयवाशी निगडित आहे, त्याचे नाव चारचौघांत घेण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. घरातील वडीलधारी मंडळी गुडघेदुखीविषयी, रक्तदाबाविषयी मोकळेपणाने बोलतात. परंतु रात्री चार-चार वेळा लघवीसाठी उठावे लागते, ही गोष्ट 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून मनातच ठेवतात. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही असते. प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही मूत्राशयाच्या खाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी होय. उतारवयात तिची साधी वाढ होते आणि ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु याच ग्रंथीत कर्करोगही उद्भवतो, आणि त्या रोगाचा स्वभाव मोठा विलक्षण आहे.

अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या वृद्ध पुरुषांचे शवविच्छेदन केले असता अनेकांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या लहानशा गाठी आढळतात. त्या गाठींनी त्यांना आयुष्यात कधीच त्रास दिलेला नसतो. याउलट काही पुरुषांच्या बाबतीत हाच रोग गाजावाजा न करता पाठीच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो आणि जीवघेणा ठरतो. एक गाठ निद्रिस्त राहते आणि दुसरी प्राण घेते. या दोहोंतील भेद आरंभीच कसा ओळखावा, हा वैद्यकशास्त्रापुढील मोठा प्रश्न आहे. हा भेद न ओळखल्यास ज्याला गरज नाही त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, आणि मूत्रावरील ताबा जाण्यासारखे दुष्परिणाम तो विनाकारण सोसतो. तर ज्याला तातडीने उपचार हवेत, त्याचा मोलाचा काळ वाया जातो. १९६६ साली अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या रचनेवरून गाठींची प्रतवारी मांडली. ती पद्धत सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते. तथापि मधल्या प्रतीच्या गाठींविषयी संदेह उरतोच, कारण बाह्यरूप सारखे असले तरी अंतरंग सारखे असेलच असे नाही.

कर्करोगाच्या प्रसाराविषयीचा विचार मात्र याहून जुना आहे. १८८९ साली लंडनमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात कोठेही, कसाही पसरत नाही, काही अवयवांनाच तो अधिक प्रमाणात गाठतो, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी बीज आणि भूमीचा दृष्टान्त मांडला. वनस्पतीचे बीज वाऱ्याने सर्वत्र जाते, परंतु अनुकूल भूमीतच अंकुरते. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाला अशी अनुकूल भूमी अस्थींमध्ये, विशेषतः कटिभाग आणि मणके येथे लाभते. १९४० साली ऑस्कर बॅटसन यांनी कटिभागातील नीला आणि मणक्यांभोवतीचे नीलांचे जाळे यांचा थेट संबंध दाखवून दिला. म्हणजे बीजाला वाटही जवळची मिळाली आणि भूमीही मानवली.

त्यानंतर एका वर्षाने, १९४१ साली, शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. वृषणांतून स्रवणारे पुरुषसंप्रेरक थांबविले असता प्रसार पावलेला रोगही ओसरतो. कर्करोगाची पेशी सर्वस्वी स्वैर नसते, शरीरातील संप्रेरकावर ती विसंबून असते, हे त्यातून उमगले. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. वेदनेने अंथरुणाला खिळलेले रुग्ण या उपचाराने उठून बसू लागले. परंतु हा दिलासा बहुधा कायमचा नसे. काही काळाने रोग परत येई, आणि संप्रेरक जवळजवळ नसतानाही वाढू लागे. असे का व्हावे, याचे उत्तर मिळण्यास पुढे साठ वर्षांहून अधिक काळ लागला. ते उत्तर जनुकांच्या अभिव्यक्तीत दडलेले होते.

जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे काय, हे येथे समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत एक संपूर्ण ग्रंथालय असते, आणि त्यात प्रथिने घडविण्याच्या कृतींचे सुमारे २०,००० ग्रंथ असतात. डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांचे ग्रंथालय एकच. परंतु प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतेच ग्रंथ उघडते. जो ग्रंथ उघडला जातो, त्यातील मजकुराची एक प्रत पेशी तयार करते. या प्रतीला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. कोणत्या ग्रंथाच्या किती प्रती निघाल्या, यावरून ती पेशी त्या क्षणी काय करीत आहे, हे कळते. हीच जनुकाची अभिव्यक्ती. प्रोस्टेटसाठी रक्तातून केली जाणारी पीएसए चाचणी सर्वांना परिचित आहे. हे पीएसए म्हणजे अशाच एका जनुकापासून तयार होणारे प्रथिन असून, पुरुषसंप्रेरक हे जनुक जागृत करते.

एकेक जनुक मोजत बसल्यास आयुष्य पुरले नसते. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेने एक नवी युक्ती प्रसिद्ध केली. काचेच्या लहानशा पट्टीवर निरनिराळ्या जनुकांचे सूक्ष्म ठिपके बसवायचे. निरोगी आणि रोगग्रस्त पेशींतील प्रतींना दोन वेगवेगळ्या रंगांनी चमकणारी द्रव्ये जोडायची आणि त्या पट्टीवर सोडायच्या. प्रत्येक प्रत आपापल्या ठिपक्याला जाऊन चिकटते. ठिपक्याच्या रंगावरून ते जनुक रोगात अधिक बोलते की मौन धरते, हे कळते. पुढे हजारो जनुकांची साक्ष अशी एकाच वेळी घेता येऊ लागली.

या युक्तीचा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी फार मोठा उपयोग अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झाला. अरुल चिन्नय्यन यांच्या चमूने २००१ साली निरोगी ऊती, ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग आणि प्रसार पावलेला कर्करोग अशा पन्नासाहून अधिक नमुन्यांत सुमारे १०,००० जनुकीय ठिपके तपासले. २००२ साली याच चमूने ईझेडएच-२ या जनुकाकडे लक्ष वेधले. या जनुकाचे प्रथिन अन्य जनुकांना मौन धारण करावयास लावते. प्रसार पावलेल्या गाठींत त्याचे प्रमाण फार वाढलेले होते. आणि ज्यांचा रोग अद्याप ग्रंथीतच होता, त्यांच्यातही ज्यांच्या गाठीत ते अधिक होते, त्यांची पुढील वाटचाल अधिक बिकट ठरली. पेशीला शिस्त लावणारे ग्रंथच बंद करून टाकणारा ग्रंथपाल येथे सापडला, असे म्हणता येईल.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. प्रसार पावलेल्या रोगाचे नमुने मिळाले तरी कोठून? रोग ग्रंथीपुरता मर्यादित असेल, तर शस्त्रक्रियेत ग्रंथी काढली जाते आणि तिचा अभ्यास करता येतो. परंतु रोग मणक्यांत, यकृतात, लसिका ग्रंथींत पोहोचल्यावर त्या सर्व गाठी कोणी काढीत नाही. म्हणजे जो रोग प्राण घेतो, नेमका तोच संशोधकांच्या हाती येत नव्हता. ही कोंडी फोडली ती रुग्णांनी. मिशिगन विद्यापीठात, तसेच बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ येथे, मृत्यूनंतर काही तासांच्या आत शवविच्छेदन करण्याचे कार्यक्रम सुरू झाले. अंतिम टप्प्यातील रुग्ण जिवंतपणीच संमती देत. मृत्यू होताच कुटुंबीय स्वतःचे दुःख बाजूला ठेवून कळवीत. मग मध्यरात्र असो वा सुट्टीचा दिवस, संशोधक तत्काळ कामाला लागत. कारण संदेशवाहक आरएनए फार नाजूक असते आणि मृत्यूनंतर ते लवकर नष्ट होऊ लागते. त्या दात्यांना स्वतःसाठी काहीही मिळणार नव्हते. तरीही मिशिगनमधील या संशोधनासाठी प्रसारित गाठींचे नमुने मिळाले, ते अशा देहदानातूनच.

या दानातून पुढे आणखी ज्ञान मिळाले. २००९ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ३० मृत रुग्णांच्या ९४ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका रुग्णाच्या शरीरात ठिकठिकाणी पसरलेल्या गाठी बहुधा एकाच मूळ पेशीच्या वंशज असतात, असे त्यात दिसून आले. २०१५ साली १० रुग्णांच्या ५१ गाठींच्या अभ्यासातून असेही निष्पन्न झाले की, रोग केवळ मूळ ग्रंथीतूनच पसरतो असे नाही; एका ठिकाणी रुजलेली गाठ स्वतःच दुसऱ्या ठिकाणी बीज पाठवू शकते. पॅजेट यांचा दृष्टान्त सव्वाशे वर्षांनी अशा रीतीने अधिक सखोल झाला.

दरम्यान २००५ साली आणखी एक महत्त्वपूर्ण शोध लागला. तोवरच्या पद्धतीत सर्व रुग्णांची सरासरी काढली जाई. परंतु शंभरांपैकी दहा घरांना आग लागली असता गावाच्या सरासरी तापमानावरून ती कळत नाही. प्रत्येक घर वेगळे पाहावे लागते. स्कॉट टॉमलिन्स, चिन्नय्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. काही रुग्णांत ईआरजी आणि काहींत ईटीव्ही-१ हे जनुक प्रमाणाबाहेर जागृत असल्याचे त्यांना दिसले. कारण शोधता असे आढळले की, टीएमपीआरएसएस-२ नावाच्या जनुकाचा आरंभीचा भाग तुटून या जनुकांना जोडला गेला होता. टीएमपीआरएसएस-२ हे जनुक पुरुषसंप्रेरकाच्या आज्ञेने चालते. एका खोलीतील दिव्याचे बटण चुकून शेजारच्या खोलीतील यंत्राला जोडले जावे, तसे झाले; संप्रेरक बटण दाबते आणि भलतेच यंत्र धडधडू लागते. तपासलेल्या २९ नमुन्यांपैकी २३ नमुन्यांत असा जोड सापडला.

आणि हगिन्स यांच्या उपचारानंतर रोग का परततो, त्या प्रश्नाचे काय झाले? २००४ साली लॉस एंजेलिस येथे चार्ल्स सॉयर्स यांच्या चमूने उपचाराला न जुमानणाऱ्या गाठींची जनुकीय अभिव्यक्ती तपासली. सर्व गाठींत सातत्याने वाढलेले असे एकच जनुक आढळले, ते म्हणजे संप्रेरकाची आज्ञा ग्रहण करणाऱ्या ग्राही प्रथिनाचे जनुक. संप्रेरक कमी झाले म्हणून पेशीने आपले कान अधिक तीक्ष्ण केले होते, आणि पुटपुटणेही तिला हाकेसारखे ऐकू येत होते. या ज्ञानाच्या आधारे सॉयर्स आणि रसायनशास्त्रज्ञ मायकेल युंग यांनी त्या ग्राहीलाच अधिक घट्ट अडविणारे औषध शोधले. एन्झाल्युटामाइड या नावाने त्याला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध रोग समूळ नाहीसा करीत नाही. परंतु त्याने अनेक रुग्णांना आयुष्याचे अधिक दिवस दिले आहेत.

आता या संशोधनाचा घराघराशी असणारा संबंध पाहू. काही जनुकांतील दोष गाठीतच निर्माण होतात, तर काही वारशाने येतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसार पावलेला प्रोस्टेटचा कर्करोग असणाऱ्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्के पुरुषांमध्ये डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांत वारशाने आलेला दोष आढळला. त्यांत बीआरसीए-२ या जनुकाचा दोष सर्वांत अधिक होता. हेच जनुक स्त्रियांमधील स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशीही संबंधित आहे. पित्यामध्ये हा दोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे वडिलांनी संकोचापोटी लपविलेला आजार हा केवळ त्यांचा खासगी विषय राहत नाही; त्या मौनाची किंमत कदाचित लेकीला मोजावी लागू शकते. तिला वेळीच कळले, तर तिची तपासणी वेळीच होऊ शकते.

म्हणून या व्याख्यानातून घरी नेण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. लघवीचा त्रास, लघवीतून रक्त जाणे, पाठीच्या अथवा कमरेच्या हाडांत सतत होणारी वेदना, यांविषयी वैद्यांशी मोकळेपणाने बोलावे. आरंभीच्या अवस्थेत या रोगाला बहुधा लक्षणेच नसतात, म्हणून वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असल्यास त्रास नसतानाही सल्ला घ्यावा. पीएसएचा आकडा वाढला म्हणजे कर्करोगच झाला, असे समजून घाबरून जाऊ नये. साधी वाढ आणि जंतुसंसर्ग यांमुळेही तो वाढतो. कर्करोग निघालाच, तर प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच करावी लागते असे नाही. मंदगतीच्या रोगावर नियमित लक्ष ठेवणे हाही मान्य उपचारमार्ग आहे. गाठीतील अनेक जनुकांची अभिव्यक्ती मोजून धोक्याचा अंदाज देणाऱ्या चाचण्या आज उपलब्ध आहेत. त्यांची गरज आहे किंवा नाही, हे तज्ज्ञांनी ठरवावे. आणि घरातील आजारांची नोंद, वैद्यकीय कागदपत्रांसह, पुढील पिढीसाठी जपून ठेवावी.

पॅजेट यांनी ७३५ नोंदी वाचल्या, कारण कोणीतरी त्या काळजीपूर्वक लिहून ठेवल्या होत्या. मिशिगनच्या प्रयोगशाळेला जनुकांची भाषा वाचता आली, कारण मृत्युशय्येवरील काही माणसांनी आपला देह वाचावयास दिला. त्या अनामिक दात्यांनी जे देहाने सांगितले, त्यातील थोडे आपण आपल्या मुलाबाळांना शब्दाने सांगू शकलो, तरी पुष्कळ झाले.